तळ्याकाठच्या पखवाजापासून ‘डॉल्बी’च्या भिंतीपर्यंत : आवाजाच्या पातळीचा इतिहास

१/ महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. छातीत धडधड आणि काचांना कंप, अशी तिची ख्याती. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला, त्या रे डॉल्बी यांचा गाजलेला शोध मात्र आवाज वाढवण्याचा नव्हता. नको असलेला आवाज कमी करण्याचा तो शोध होता आणि त्याचे सारे गणित पातळी अचूक जुळण्यावर उभे होते. नाव असे उलट्या अर्थाने का रूढ झाले? दोन गाणी जोडणाऱ्या डीजेला पातळी का सांभाळावी लागते? आणि ती सुटली तर किंमत कोण मोजतो? त्याचा हा धागा. प्रारंभ कोकणातल्या एका तळ्याकाठी.

२/ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या परिसरात वालावल हे गाव आहे. येथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर प्रसिद्ध आहे आणि त्याला लागूनच विस्तीर्ण तळे आहे. अशा जागी आवाज दूरवर पोहोचतो. पाण्याचा सपाट पृष्ठभाग ध्वनी शोषून घेत नाही, परतवतो. शिवाय पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली, की वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात. म्हणूनच शांत सायंकाळी पलीकडच्या काठावरचे साधे बोलणेही कधी अलीकडे स्पष्ट ऐकू येते.

३/ हा सारा मुलूख दशावताराचा. कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापुढे दशावतारी नाटक उभे राहते. मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर अशी या परंपरेतील मंडळांची नावे गावांवरून पडली आहेत. त्यांतच ‘वालावलकर’ हेही एक नाव आहे. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आणि त्यानंतर पौराणिक आख्यान. संहिता लिहिलेली नसते. नट कथेच्या चौकटीत संवाद जागच्या जागी रचत जातो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो.

४/ वाद्ये तीनच : पेटी, पखवाज आणि झांज. आज येथेही माईक आले आहेत, परंतु पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ विजेविना, उघड्यावर, शेकडो प्रेक्षकांसमोर झाला. झांज ही धातूची, तिचा नाद तीक्ष्ण. पखवाजाची थाप जमिनीतून जाणवणारी. या दोहोंच्या शेजारी उभा असतो तो माणसाचा गळा, आणि नाटकाची कथा त्याच गळ्यावर अवलंबून. तिन्ही वाद्ये पूर्ण ताकदीने वाजली, तर शेवटच्या रांगेत शब्द पोहोचणारच नाही. ध्वनिमिश्रणाचा मूळ प्रश्न हाच. यंत्रे नंतर आली, प्रश्न आधीपासूनच होता.

५/ हा प्रश्न किती कठीण होता, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ७८ डेसिबल भरणारा खडा आवाज दोन मीटरवर ७२, चार मीटरवर ६६, आठ मीटरवर ६० आणि सोळा मीटरवर ५४ डेसिबल उरतो. म्हणजे रंगमंचाजवळ गर्जना वाटणारा राजा मागच्या रांगेपर्यंत जाताना साध्या संभाषणाइतका होतो. नटाला याहून वर चढणे शक्य नसे. तेव्हा उरणारा मार्ग एकच : इतरांनी खाली येणे.

६/ दशावतारात तो मार्ग शिस्तीने पाळलेला दिसतो. राजा बाकावर बसून बोलू लागला की वाद्ये थांबतात. गाण्याला उचल हवी, तेथे पेटी सूर देते. युद्धाचा प्रसंग आला की पखवाज आणि झांज उसळतात, कारण तेथे शब्द नसतात, पावले असतात. संहिता नसल्याने वादकाला नटाच्या चेहऱ्याकडे सतत पाहावे लागते. आजच्या डीजे मिक्सरवर ‘टॉकओव्हर’ नावाची सोय असते : माईकमध्ये कोणी बोलले की संगीत आपोआप खाली येते. दशावतारात हीच सोय वादकाच्या नजरेत आणि हातात असते.

७/ वाद्यांच्या घडणीतही पातळीचे नियंत्रण आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर मळलेली कणीक लावतात. ती कमीजास्त करून खर्जाचा नाद हवा तितका खोल करतात. पेटीवाला भात्यावरचा दाब बदलून सूर सौम्य किंवा भरदार करतो. झांज मोकळी सोडली तर तिचा नाद लांबतो आणि तळव्याने दाबली तर तुटक होतो. मिक्सरवरील ‘बास’, ‘मिड’ आणि ‘ट्रेबल’ या तीन खुंट्यांचे काम येथे तीन माणसे करतात. महत्त्वाचे हे, की ती तिघे एकमेकांचे ऐकत असतात.

८/ आवाज साठवण्याचे यंत्र आले, तेव्हा माणसाचा हात अपुरा पडला. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळी माईक नव्हता. एका मोठ्या कर्ण्यासमोर गायचे, कर्ण्याच्या टोकावरील पडदा थरथरायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. तिथे खुंटी नव्हती, मीटर नव्हता. पातळी ठरवण्याचे साधन एकच : अंतर. गायक कर्ण्याच्या तोंडाशी, मोठ्या नादाची वाद्ये मागे. थाप जोरात पडली तर सुई उडून मुद्रण वाया जाई. फार हळू गायले तर सुईच्या खरखरीत गाणे हरवे.

९/ वरची मर्यादा आणि खालची मर्यादा. वर विकृती, खाली खरखर, आणि गाण्याने वावरायचे ते या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. १९०२ च्या मेणापासून आजच्या लॅपटॉपपर्यंत साधने पार बदलली, पण हा पट्टा कोणालाही टाळता आलेला नाही. ‘पातळी लावणे’ म्हणजे गाणे या पट्ट्यात अशा उंचीवर ठेवणे, की खालची खरखर ऐकू येऊ नये आणि वरचे छत डोक्याला लागू नये. डोके आणि छत यांच्यामधल्या मोकळ्या जागेला ध्वनितंत्रज्ञ ‘हेडरूम’ म्हणतात.

१०/ १९२५ च्या सुमारास माईकवर आधारलेले विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना त्यात प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागले, कारण पार्श्वगायन अद्याप आले नव्हते. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत. कोण माईकपासून किती लांब, यावरच गाण्याचा समतोल ठरे. जागा एकदा चुकली, की नंतर सुधारता येत नसे.

११/ अंतराच्या या विद्येचे प्रसिद्ध उदाहरण १९४९ चे. ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गीतात आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. संगीतकार खेमचंद प्रकाश. माईक खोलीच्या मध्यभागी होता. गायिकेने दूर उभे राहून गायला आरंभ केला आणि गात गात पावलापावलाने माईकजवळ यावे, अशी योजना झाली. आज डीजे फेडर हळूहळू वर सरकवून जो परिणाम साधतो, तो येथे चालत जाऊन साधला गेला.

१२/ दरम्यान सार्वजनिक जागाही बदलली. डिसेंबर १९१५ मध्ये पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हजारोंच्या जमावापुढे विद्युत ध्वनिक्षेपक चालवून दाखवला. १९३० च्या दशकात मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या सभांत दिसू लागले. गांधी-नेहरूंच्या अनेक छायाचित्रांत समोरच्या माईकवर हे नाव वाचता येते. मागच्या रांगेतल्या माणसाला प्रथमच पुढच्या रांगेइतके स्पष्ट ऐकू येऊ लागले. ही लोकशाहीची मोठी सोय होती. तिने एक जुना नियम मात्र मोडला : आवाजाची सीमा आता गळ्याच्या ताकदीने ठरत नव्हती.

१३/ सीमा मोडल्यावर मोजपट्टी आवश्यक झाली. ती दूरध्वनीच्या तारांतून आली. मैलोन्‌मैल तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो, हे मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात एक एकक तयार केले आणि १९२८ मध्ये त्याला ‘डेसिबल’ हे नाव मिळाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ‘बेल’ आणि त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. आज गोंगाटाचे माप म्हणून प्रत्येक बातमीत येणारे हे एकक जन्मले, ते आवाज किती हरवला हे मोजण्यासाठी.

१४/ डेसिबलची पट्टी गुणाकाराची असते. ३ डेसिबल वाढले म्हणजे शक्ती दुप्पट आणि १० डेसिबल वाढले म्हणजे शक्ती दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण ‘दुप्पट मोठी’ वाटते. म्हणजे ५०० वॅटचा आवाज दुप्पट भासवायचा, तर ५,००० वॅट हवेत. त्याच्याही दुप्पट हवा असेल, तर ५०,००० वॅट. मिरवणुकीतल्या स्पीकरांची रांग भिंत कशी झाली, याचे उत्तर या गणितात आहे. शेजारच्या मंडळापेक्षा थोडेसेच मोठे भासण्यासाठीही यंत्रांची संख्या कितीतरी पटींनी वाढवावी लागते.

१५/ १९३९ मध्ये अमेरिकेतील सीबीएस, एनबीसी आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून ‘व्हीयू मीटर’ निश्चित केला. काळ्या-लाल पट्टीवर डुलणारा तो काटा. प्रक्षेपकाच्या दोन केंद्रांवरील माणसे एकाच गाण्याकडे पाहून एकच आकडा सांगू शकतील, हा त्यामागचा हेतू. हा काटा मुद्दाम संथ ठेवला आहे. स्थिर होण्यास त्याला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो, म्हणून तो सरासरी दाखवतो आणि क्षणिक थाप त्याच्या नजरेतून निसटते. काटा शून्यावर असतानाही पखवाजाची थाप त्याच्या बरीच वर गेलेली असू शकते. छताजवळ मोकळी जागा ठेवावी लागते, ती याचसाठी.

१६/ आता रे डॉल्बी. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या अँपेक्स कंपनीच्या व्हिडिओ टेप यंत्रावर त्यांनी विद्यार्थिदशेतच काम केले होते. पुढे केंब्रिजला डॉक्टरेट. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या कामात त्यांचा सहभाग होता. येथून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्येच त्यांनी आपली प्रयोगशाळा स्थापन केली. तिचे पहिले उत्पादन होते टेपवरील खरखर दाबणारे यंत्र.

१७/ त्यामागची कल्पना साधी होती. टेपची खरखर सतत चालू असते. गाणे भरात असते तेव्हा ती जाणवत नाही, गाणे हळू होते तेव्हा कानावर येते. डॉल्बी यांनी ध्वनिमुद्रण करताना फक्त हळू भाग वर उचलला आणि मोठा भाग जसाच्या तसा ठेवला. ऐकवताना तोच हळू भाग तितकाच खाली उतरवला. गाणे पूर्वीच्या जागी आले, आणि मध्ये शिरलेली खरखर मात्र त्याबरोबर सुमारे १० डेसिबलने खाली गेली. कुजबुजीला मोठ्या आवाजाच्या तडाख्यातून नव्हे, खरखरीच्या गाळातून वर काढण्याची ही युक्ती.

१८/ यात एकच अट होती. मुद्रण करणारे यंत्र आणि ऐकवणारे यंत्र यांनी पातळी सारखी मानली पाहिजे. ती चुकली, तर हळू भाग जितका उचलला तितका उतरत नाही आणि गाण्याचा पोत बिघडतो. म्हणून व्यावसायिक टेपच्या आरंभी ठरावीक पातळीचा ‘डॉल्बी टोन’ मुद्रित करत आणि ऐकवण्याआधी मीटर त्याच्याशी जुळवून घेत. डॉल्बी या नावाचा मूळ अर्थ सांगायचा, तर तो असा : आधी पातळी जुळवा, मग गाणे वाजवा.

१९/ ही युक्ती १९६८ मध्ये घरगुती यंत्रांसाठी सुटसुटीत रूपात आली आणि कॅसेट डेकवर ‘डॉल्बी’चे बटण दिसू लागले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर चित्रपटगृहांत डॉल्बी स्टीरिओची कीर्ती पसरली. लोकांनी हे नाव कॅसेटच्या यंत्रावर आणि चित्रपटाच्या पाटीवर वाचले, ‘उत्तम, भारदस्त आवाज’ असा त्याचा अर्थ घेतला, आणि पुढे मिरवणुकीतल्या भिंतीलाही तेच नाव चिकटले. त्या भिंतींशी डॉल्बी यांच्या प्रयोगशाळेचा संबंध नाही. शब्द राहिला, त्याच्या पोटातली शिस्त गळाली.

२०/ डीजेची कला याच काळात घडली. १९६९-७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांवरची गाणी एकमेकांवर चढवून अखंड नाच चालू ठेवू लागले. ॲलेक्स रोझनर यांनी १९७१ च्या सुमारास त्यासाठी ‘रोझी’ नावाचा मिक्सर बांधला. १९७२ मध्ये टेक्निक्सची एसएल-१२०० ही तबकडी फिरवण्याची यंत्रणा आली. पुढचे गाणे लोकांना ऐकू जाण्याआधी डीजेने ते हेडफोनवर ऐकायचे, ही पद्धत तेव्हाच रुळली. सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी होते, तिथे दोन बुवा आळीपाळीने गातात. डीजेच्या हाती मात्र दोन्ही गाणी काही काळ एकाच वेळी वाजत असतात. अडचण तेथूनच सुरू होते.

२१/ कारण प्रत्येक गाणे वेगळ्या पातळीवर मुद्रित झालेले असते. जुनी कोळीगीते हळू, नवी रीमिक्स गाणी छताला टेकलेली. म्हणून मिक्सरवर प्रत्येक वाहिनीला ‘गेन’ किंवा ‘ट्रिम’ नावाची खुंटी असते. जाणकार डीजेचा क्रम असा : बास, मिड आणि ट्रेबल मध्यावर ठेवायचे. गाण्याचा सर्वांत भरदार भाग शोधून हेडफोनवर लावायचा. मीटर हिरव्यातून शून्याच्या आसपास पोहोचेल आणि लाल दिवा लागणार नाही, इतकाच गेन द्यायचा. दोन्ही गाणी मीटरवर आणि कानाला सारखी वाटली, की मगच फेडर वर. मैदानातला आवाज किती हवा, हे सर्वांत शेवटी मुख्य खुंटीवर आणि ॲम्प्लिफायरवर ठरते.

२२/ दोन्ही गाणी आपापल्या जागी अचूक असली, तरी एकत्र आल्यावर बेरीज होते. भिन्न स्वरूपाचे दोन समान आवाज मिळाले, की पातळी ३ डेसिबलने वाढते. परंतु डीजे तर ठेका जुळवतो. दोन्हीकडची ढोलाची थाप नेमकी एकाच क्षणी आणि एकाच दिशेने पडली, तर ती ६ डेसिबलपर्यंत वाढते. म्हणून येणाऱ्या गाण्याचा बास आधी कमी ठेवतात, आणि ते पुढे आले की जाणाऱ्या गाण्याचा बास काढून त्याला जागा देतात. मैदानात एका वेळी एकाच ढोलाला तळ मिळावा. पखवाजावरची कणीक हेच काम सौम्यपणे करत आली आहे.

२३/ ही जागा दिली नाही, तर ‘क्लिपिंग’ होते. ध्वनिलहर वर जाऊ पाहते, छत आडवे येते, आणि लहरीचा गोल माथा सपाट कापला जातो. पूर्ण सपाट झालेल्या लहरीची शक्ती तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट असते. शिवाय कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले तीक्ष्ण स्वर जन्मतात. हा सारा भार बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरवर पडतो आणि त्याची नाजूक तार जळते. अनुभवी साऊंडवाला लाल दिव्याला भितो, तो यासाठी. संगणकावरील आवाजात तर शून्याच्या वर आकडाच शिल्लक नसतो, तेथे माथा थेट तुटतो.

२४/ मग सगळ्याच मंडळांचा काटा लालीत का जातो? त्याचे एक कारण कानात आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरतो. म्हणून मोठे ते गोड वाटते. दुसरे कारण थकव्याचे. तासभर मोठा आवाज ऐकल्यावर कान तात्पुरता मंदावतो. मग रात्री आठला पुरेसा वाटलेला आवाज दहाला कमी भासतो आणि हात पुन्हा खुंटीकडे जातो. अशा वेळी कान साक्षीदार राहत नाही. मीटर राहतो.

२५/ तिसरी गोष्ट याहून गंभीर. मोठा खर्ज त्याच्याहून उंच स्वरांना झाकून टाकतो, आणि माणसाच्या बोलण्यातली व्यंजने त्याच उंच स्वरांत असतात. भिंतीशेजारी उभा असलेला माणूस शेजाऱ्याची हाक ऐकू शकत नाही, ती या झाकोळामुळे. अमेरिकेतील ‘नायोश’ या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात केवळ १५ मिनिटे. कानातील केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

२६/ म्हणून अखेर पातळी ठरवण्याचे काम कायद्याकडे गेले. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्राने ध्वनिप्रदूषण नियम काढले. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर बंदी. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेच्या सीमेवर परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल ते, ही मर्यादा पक्की केली. ७५ आणि १०० यांत अंतर २५ डेसिबलचे. शक्तीत मोजले, तर ते तीनशेपटींहून अधिक.

२७/ नियमाला आवाजाची जात कळत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. दशावतार तर पहाटेपर्यंत चालणारा. जत्रांचा हंगाम १५ दिवसांत मावणारा नाही. म्हणजे भिंतींच्या कर्कशपणामुळे जो नियम कडक करावा लागला, त्याचा पेच पेटी, पखवाज आणि झांज यांच्या सौम्य खेळालाही पडतो. कानात मोठा खर्ज शब्दांना झाकतो, मिक्सरमध्ये एक गाणे दुसऱ्याला झाकते, आणि समाजातही तेच घडते : मोठ्या आवाजाचा दंड हळू आवाज भरतो.

२८/ या सव्वाशे वर्षांत साधने बदलत गेली : कर्ण्यापासूनचे अंतर, माईकपर्यंतची पावले, व्हीयूचा काटा, डॉल्बीचा टोन, मिक्सरची खुंटी, पोलिसाच्या हातातील ध्वनिमापक. प्रत्येक यंत्राने पूर्वीपेक्षा अधिक ताकद दिली. कोठे थांबायचे, हे मात्र एकाही यंत्राने सांगितले नाही. ते ठरवणारा हात आधी पखवाजवाल्याचा होता, आज तो डीजेचा आहे. ज्या गावात पाण्यावरून आवाज पलीकडच्या काठापर्यंत सहज पोहोचतो, तेथे मुख्य खुंटी थोडी खाली ठेवली तरी गाणे सगळ्यांना ऐकू जाते, आणि गाण्यातले शब्दही.